ओसमॅण्ड स्वतः बिल्ड करण्याआधी

ओसमॅण्ड हे नकाशे आणि वाट दाखवणारं अ‍ॅप आहे. त्याचा सोर्स कोड खुला असल्याने ते स्वतः बिल्ड करता येतं, म्हणजे कोडवरून अ‍ॅप तयार करता येतं. पण फक्त वाट शोधायची असेल तर सोर्स कोडच्या मागे आत्ताच लागू नकोस. एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅपच्या भांडारावरचं ओसमॅण्ड घे. तेही सोर्सवरूनच बिल्ड होतं आणि नकाशे डाउनलोड करायला मर्यादा नाही. एक मात्र पक्कं लक्षात ठेव: स्वतः बनवलेल्या एपीकेची (अ‍ॅपच्या इन्स्टॉल फाइलची) डिजिटल सही वेगळी असते. पॅकेजचं नाव (अँड्रॉइड अ‍ॅपला ज्यावरून ओळखतं ते) तेच असेल तर ते जुन्या अ‍ॅपवर चढत नाही, जुनं काढावंच लागतं, आणि त्यासोबत साठवलेली ठिकाणं, ट्रॅक जाऊ शकतात. आधी एक्सपोर्ट कर.

गावचा रस्ता चुकीचा दिसतोय? त्याला कोड लागतच नाही, ओसमॅण्डचे नकाशे ज्यावरून येतात त्या ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही सुधारता येणाऱ्या नकाशावर दुरुस्त कर. सगळ्यांनाच उपयोग होईल. वाहनाचे नियम बदलायलाही वेगळी राउटिंग फाइल (वाट कशी निवडायची ते सांगणारी) पुरते. अ‍ॅपमध्येच नवं काही घालायचं असेल, तर मात्र जरूर बिल्ड कर.