वाचकांचे प्रश्न: सेल्डनचं गणित आणि अक्रोडाएवढी अणुभट्टी

मागच्या अंकात 'फाउंडेशन'वर चार ओळी लिहिल्या आणि त्यानंतर जे प्रश्न आलेत ते बघून खरंच बरं वाटलं, कोल्हापूर जिल्ह्यात इतके लोक हे वाचतात हे मला माहीतच नव्हतं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयझॅक ॲसिमॉव्हच्या या कथा 1942 पासून अमेरिकेतल्या एका मासिकात यायला लागल्या आणि 1951, 1952, 1953 अशी तीन वर्षं त्यांची तीन पुस्तकं झाली. काळ हजारो वर्षांनंतरचा. सगळ्या आकाशगंगेवर एकच साम्राज्य, वय 12,000 वर्षं, वस्तीचे ग्रह जवळजवळ अडीच कोटी. हॅरी सेल्डन नावाचा गणितज्ञ आकडेमोड करून सांगतो की हे कोसळणार, ते आता थांबवता येत नाही, पण नंतरचा 30,000 वर्षांचा अंधार 1,000 वर्षांवर आणता येईल. त्यासाठी आकाशगंगेच्या पार काठावर, टर्मिनस नावाच्या ग्रहावर तो माणसं बसवतो, तेच फाउंडेशन. खाली उत्तरांमध्ये गोष्टीतले सस्पेन्स फुटणार आहेत, ज्यांना आधी पुस्तक वाचायचंय त्यांनी इथंच थांबा.

प्रश्न (इचलकरंजी): सर, पुस्तक हातात घेतलं पण दर पन्नास-साठ पानांनी जुनी माणसं गायब आणि नवीनच कोणतरी येतंय. जीव लावायचा कुणावर? हार्डिन आवडला तर तो पण गेला.

उत्तर: दादा, पहिल्यांदा वाचताना माझंही हेच झालं होतं, हार्डिन गेला तेव्हा मी पुस्तक मिटून दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. मग कळलं की पहिलं पुस्तक माणूस धरून वाचायचंच नाही, ग्रह धरून वाचायचं. म्हणजे टर्मिनस धरायचा.

टर्मिनसवर काय आहे? जवळजवळ काहीच नाही. धातू नाहीत म्हटलं तरी चालेल, शेजारी चार राज्यं साम्राज्यापासून तुटून मोकळी झालेली आणि प्रत्येकाचा डोळा या ग्रहावर. आता अशा ठिकाणी मेयर म्हणून बसलेला साल्व्हर हार्डिन काय करणार, सैन्य नाही, लोखंड नाही, आहे ते फक्त डोकं आणि अणुशक्तीचं ज्ञान. मग तो आधी त्या चार राज्यांना एकमेकांच्या धाकात ठेवतो आणि नंतर अणुशक्ती सगळ्यांनाच देतो, पण धर्माच्या वेष्टनात. पुजारी तयार होतात, त्यांना कुठलं बटण दाबायचं ते माहीत, का दाबायचं ते माहीत नाही. आणि ज्या रात्री त्या चारांतल्याच ॲनाक्रिऑनचा राजप्रतिनिधी विनिस टर्मिनसवर आरमार पाठवतो, त्या रात्री हार्डिन त्याच्याच महालात त्याच्यासमोर शांत बसलेला असतो. मध्यरात्र होते आणि अख्ख्या ग्रहाची वीज जाते, तिकडं जहाजावरचा पुजारी जहाजालाच शाप देतो आणि खलाशी बंड करतात. हार्डिन खुर्चीतून उठलेला पण नसतो.

त्याच्यानंतर येतो व्यापारी होबर मॅलो, आणि ही गोष्ट तुम्ही इचलकरंजीचे म्हणून तुम्हाला जास्त भिडेल असं वाटतं. साम्राज्याकडं सगळं भरपूर, म्हणून त्यांच्या अणुभट्ट्या इमारतीएवढ्या, आणि त्या सांभाळणारे टेकमेन पिढीजात, बाप करत होता म्हणून मुलगा करतोय, एक नळी जळाली तर दुरुस्त करता येत नाही. टर्मिनसकडं धातूच नाही म्हणून त्यांना सगळं बारीक करावं लागलं, करता करता त्यांचा जनरेटर अक्रोडाएवढा झाला. उद्यमनगरात एखाद्या छोट्या शेडमध्ये बघा, बाहेरचा पार्ट परवडत नाही म्हणून माणूस लेथवर तसाच पार्ट उतरवतो आणि उतरवताना त्यात सुधारणा पण करून ठेवतो, परत विचारलं तर म्हणतो त्यात काय एवढं. टर्मिनस म्हणजे असं उद्यमनगर आहे.

मग कोरेल नावाचं राज्य फाउंडेशनवर उठतं तेव्हा मॅलो लढतच नाही. फक्त व्यापार थांबवतो. तीन वर्षांत कोरेलच्या घराघरातल्या, फाउंडेशनकडूनच घेतलेल्या छोट्या अणुयंत्रांचा दम संपत जातो, स्वयंपाकघरातली सुरी चालेना, धुण्याचं मशीन चालेना, कारखाने बसायला लागतात, आणि लोक स्वतःच्याच सरकारवर चिडतात. शेवटी कोरेल शरण येतं. मोठ्या जहाजांनी झालं नसतं ते किचनमधून झालं. मिक्सर चार दिवस बंद असला की घरात काय वातावरण असतं ते आठवा, मग हे पटेल.

प्रश्न (राजारामपुरी, बीएस्सी गणित, दुसरं वर्ष): सायकोहिस्टरी खरोखर शक्य आहे का? आमच्या ग्रुपमध्ये यावर लई वाद झालाय.

उत्तर: वाद चालू ठेव, चांगला विषय आहे. सायकोहिस्टरी म्हणजे सेल्डनचं ते समाजाचं भविष्य सांगणारं गणित, आणि ॲसिमॉव्हनं ही कल्पना घेतली ती वायूंच्या गतिसिद्धांतावरून. डब्यातल्या हवेचा एक रेणू पुढच्या क्षणी कुठं जाईल ते सांगता येत नाही, पण अब्जावधी रेणू मिळून दाब किती देतील ते बिनचूक सांगता येतं. तसंच माणसांचं, असं सेल्डन म्हणतो, फक्त माणसं प्रचंड संख्येनं पाहिजेत. आणि त्याची दुसरी अट आहे तीच खरी महत्त्वाची, ती म्हणजे लोकांना आपलं भाकीत झालंय हे कळता कामा नये.

ही दुसरी अट का, ते कोल्हापूरकराला पटकन कळायला पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये आपण उठल्या उठल्या काय विचारतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर? 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. धरणातून विसर्ग किती, पाऊस किती यावरून सांगतात की उद्या एवढं वाढणार, आणि ते सांगितलं म्हणून पंचगंगा काही आपला बेत बदलत नाही, नदीला बातमी कळत नाही. पण माणसाला कळते. पाणी येणार म्हटलं की गाड्या उंचावर, सामान माळ्यावर, जनावरं पाहुण्यांकडं, आणि पेट्रोल मिळणार नाही असं नुसतं कुणी म्हटलं की पंपावर रांग लागते आणि मग खरंच पेट्रोल संपतं. म्हणजे भाकितानंच लोक बदलले. म्हणूनच सेल्डन टर्मिनसवर पाठवलेल्यांना खरं सांगत नाही, पन्नास वर्षं ते बिचारे समजत असतात की आपण ज्ञानकोश लिहायला आलोय, आणि मग सेल्डननं मागं ठेवलेली, ठरलेल्या वेळीच उघडणारी तिजोरी उघडते आणि त्याची आधीच नोंदवून ठेवलेली प्रतिमा सांगते की कोश हा बहाणा होता.

तर तुझं उत्तर: रोगाची साथ, ट्रॅफिक, यात्रेतली गर्दी यांचं गणित आज होतंच, चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गर्दी कशी सरकेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. पण हजार वर्षांचा इतिहास असा बांधता येईल असं मला वाटत नाही, कारण लोक ऐकतात आणि बदलतात. ॲसिमॉव्हला हे माहीत होतं म्हणूनच त्यानं ही अट घातली. आणि दुसरी फट कुठं आहे ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न (गडहिंग्लज): पहिल्या भागात बाईमाणूस औषधाला नाही! कोरेलच्या राजाची बायको तेवढी येते, ती पण दागिना बघून खूश होणारी. पुढं वाचू की सोडून देऊ?

उत्तर: ताई, तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि मी ॲसिमॉव्हची बाजू घेणार नाही. पण सोडू नका, कारण दुसऱ्या पुस्तकात बेटा डॅरेल आहे. (नाव वाचताना आपल्याला मराठीतलं बेटा आठवतं, माझ्या मनात तर ती तशीच बसलीये.)

काय होतं, सेल्डनचं गणित गर्दीचं, त्यात एकटा माणूस बसत नाही, आणि सुमारे तीनशे वर्षांनी नेमका तोच येतो. म्यूल. हा जन्मानंच वेगळा, दुसऱ्याच्या भावना हव्या तशा वळवू शकणारा, शत्रूच्या मनात भक्ती भरली की काम झालं. टर्मिनसवरचा तो प्रसंग मी कितीतरी वेळा वाचलाय. सगळे पुढारी तिजोरीपुढं जमलेत, सेल्डनची प्रतिमा येते आणि बोलायला लागते, पण ती बोलते भलत्याच संकटाबद्दल, व्यापारी आणि सरकार यांच्यातल्या यादवीबद्दल, म्यूलचं नावच नाही. तीनशे वर्षं ज्याच्यावर विश्वास टाकला तो चुकला. आणि तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात येतं की खोलीतलं एकही घड्याळ चालत नाहीये.

आता बेटा. ती आणि तिचा नवरा टोरान यांना काल्गन ग्रहाच्या समुद्रकिनाऱ्यावर एक काटकुळा, लांब नाकाचा विदूषक भेटतो, मॅग्निफिको, म्यूलच्या दरबारातून पळून आलेला, भेदरलेला. बेटाला त्याची दया येते. ती त्याला सोबत घेते, खाऊपिऊ घालते, त्याच्याशी नीट बोलते. जग हसतं त्याला, ही हसत नाही. बास, एवढंच करते ती.

आणि शेवटी ट्रँटॉरच्या, म्हणजे साम्राज्याच्या जुन्या राजधानीच्या ग्रंथालयात म्हातारा संशोधक एब्लिंग मिस, कामानं झिजून मरणाला टेकलेला, सेल्डननं गुपचूप वसवलेलं दुसरं फाउंडेशन कुठं आहे ते सांगायला तोंड उघडतो, आणि बेटा ब्लास्टर बंदूक उचलून त्यालाच मारते. वाचणाऱ्याच्या हातातून पुस्तक पडायचं बाकी राहतं. कारण तिला कळलेलं असतं की समोर बसलेला विदूषक हाच म्यूल आहे. मग बाकी सगळ्यांची मनं त्यानं फिरवली तर हिचं कसं राहिलं? त्यानं हात लावला नाही म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तो त्यानं काही न करता आवडला होता, आणि ती गोष्ट मोडायची त्याची हिंमत झाली नाही. ज्याला आरमारं हरवू शकली नाहीत त्याला तिच्या साध्या मायेनं हरवलं आणि तो तिला काही न करता निघून गेला. सेल्डनच्या गणितात म्यूल नव्हता तसा हा चांगुलपणा पण नव्हता. ताई, हे प्रकरण वाचा आणि मला नक्की कळवा. तिसऱ्या भागात हिचीच नात आर्केडी आहे, वय चौदा, भारी पोरगी आहे.

प्रश्न (कसबा बावडा): कुठल्या क्रमानं वाचायचं?

उत्तर: छापून आली त्या क्रमानं. सेल्डनच्या तरुणपणाची पुस्तकं 1988 आणि 1993 ची आहेत, ती आधी वाचली तर पुढची मोठी गुपितं फुटतात. या तीन पुस्तकांच्या मालिकेला 1966 मध्ये सर्वकालीन सर्वोत्तम मालिका म्हणून विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळालाय, ती आधी संपवा.

प्रश्न (शिरोळ): मी ऊस करतो, वाचायची आवड हाय. ट्रँटॉरवर अख्ख्या ग्रहाचं एकच शहर आन् 4,000 कोटी माणसं म्हणता, मग ती खातात काय? शेत कुठाय?

उत्तर: दादा, मला आलेल्या सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण राजधानीचा जीव नेमका इथंच आहे. ट्रँटॉरवर शेत नाही. वीस शेतीग्रह त्याला पोसतात, रोज हजारो जहाजं धान्य घेऊन उतरतात. सगळी जमीन धातूखाली, तिथल्या कित्येकांनी आभाळ धड बघितलेलं नाही. म्हणजे बाहेरून येणारा घास अडवला की राजधानी संपली, आणि पुढं तसंच होतं, ट्रँटॉर लुटला जातो, कोट्यवधी मरतात.

पण मग जे वाचतात ते काय करतात बघा. ते धातूचे पत्रे उचकटून काढतात, खाली हजार वर्षं ऊन न लागलेली माती सापडते. पत्रा भंगारात विकायचा आणि त्याच्या बदल्यात बियाणं आणि जनावरं आणायची. राजधानीचे लोक परत शेतकरी होतात. गाळपेर जमीन पाणी ओसरल्यावर परत कसायला घेतलेली तुम्ही बघितली असेल, तुम्हाला ते चित्र लगेच दिसेल.

आणि तिसऱ्या पुस्तकात जीव मुठीत धरून पळणारी ती चौदा वर्षांची आर्केडी काल्गनच्या विमानतळासारख्या तळावर ज्याच्या अंगावर जाऊन आदळते तो प्रीम पाल्व्हर कोण असतो? ट्रँटॉरच्या शेतकरी सहकारी संस्थेचा प्रतिनिधी. बोलका, जाडजूड, बायकोला मम्मा म्हणणारा साधा माणूस. पोरीला लेकीसारखी घरी घेऊन जातो, आणि पुढं लढाईच्या धामधुमीत तिचा निरोप घेऊन टर्मिनसला जातो, सोबत संस्थेचा माल, धान्य विकायला. आपल्या संघातला एखादा संचालक डोळ्यासमोर येतो बघा. सगळी आकाशगंगा ज्या दुसऱ्या फाउंडेशनला शोधत असते त्याचा मुख्य हाच आहे, आणि हे ॲसिमॉव्ह अगदी शेवटच्या पानावर सांगतो.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न 20 तारखेच्या आत पाठवा, पत्रावर गावाचं नाव लिहा.)