सुपरव्हिजन कोण करणार, ते आधी विचार

प्रिय बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. आर्ट थेरपी, म्हणजे चित्रकलेच्या मदतीने मनावर उपचार, शिकवणाऱ्या तिन्ही अभ्यासक्रमांची नावं, फी, कालावधी, ऑनलाइन की प्रत्यक्ष, प्रमाणपत्रावर कुणाची सही, सगळं नीट मांडलं आहेस. सुपरव्हिजन कोण करणार, म्हणजे माणसांबरोबरचं तुझं काम नियमित कोण तपासणार, हे मात्र एकापुढेही लिहिलेलं नाही. तुला ते विचारायचं सुचलंच नाही, म्हणून हे पत्र. फोन केला असता तर मी चिडून बोलले असते.

तुझा हात चांगला आहे आणि माणसांजवळ तुला बसता येतं, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. त्यावर शाई घालवत नाही.

तुझा कल त्या शनिवार-रविवारच्या सहा महिन्यांच्या कोर्सकडे दिसतो. शेवटी ‘सर्टिफाइड आर्ट थेरपिस्ट’ म्हणून कागद मिळतो आणि सोलापूर सोडावं लागत नाही. आपल्याकडे आर्ट थेरपिस्ट या नावाला कायद्याचं संरक्षण नाही. ब्रिटनमध्ये सरकारमान्य नोंदणीशिवाय हे नाव लावणं गुन्हा आहे. इथे उद्या सात रस्त्याला गाळा घेऊन पाटी लावलीस तर कुणी हटकणार नाही. कुणी हटकणार नाही म्हणूनच तू स्वतःला हटकायचंस. माझं काम कोण बघणार? मी चुकले तर मला कोण सांगणार?

तू मला एड्रियन हिलचं उदाहरण दिलंस. त्याला कुणी शिकवलं होतं, असा तुझा सवाल. हिल चित्रकार होता. १९३८ मध्ये क्षयाने सॅनेटोरियममध्ये पडून असताना तो चित्रं काढत राहिला, मग इतर रुग्णांना काढायला लावू लागला आणि १९४२ मध्ये त्याने या कामाला ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिलं. बरोबर आहे, त्याच्याकडे या कामाची पदवी नव्हती. पण तो सॅनेटोरियममध्ये काम करत होता. रुग्णाचं बिनसलं तर हाक मारायला डॉक्टर आणि नर्स त्याच इमारतीत होते. तुझ्या गाळ्यात कोण असेल? शिवाय पहिल्या माणसाला जे शिकायची सोय नव्हती ते पुढच्यांनी न शिकता सोडावं, हे तर्कट मला मान्य नाही. ब्रिटनमध्ये १९६४ ला आणि अमेरिकेत १९६९ ला आर्ट थेरपिस्टांनी संघटना उभ्या केल्या, शिक्षणाचे निकष ठरवले. आज अमेरिकेत या कामाचं दारच मास्टर्सपासून उघडतं. अभ्यासक्रमातच १०० तास प्रॅक्टिकम, म्हणजे सुरुवातीचा प्रत्यक्ष सराव, आणि ६०० तास इंटर्नशिप असते, सगळी दुसऱ्याच्या नजरेखाली. अनेक विद्यापीठांत आर्ट थेरपी आणि समुपदेशन एकाच पदवीत जोडलेलं असतं, कारण कामाचा परवाना बऱ्याचदा समुपदेशक म्हणून घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये तर शिकणाऱ्याला स्वतःलाही थेरपी घ्यावी लागते. हे तास म्हणजे कोरडा नियम नव्हे. शिक्षण ते तासच आहेत. वर्गातलं बरंचसं तू घरी वाचून काढशील.

आता खरं काय घडतं ते सांगते. एक मुलगी माझ्याकडे यायची, तपशील बदलून सांगते. पूर्व भागातलं विडी कामगारांचं घर, घरात तेलुगू, शाळेत मराठी, माझ्यासमोर जवळजवळ गप्पच. तिने आईचं चित्र काढलं आणि आईच्या मांडीवर एक मोठा गोल. इंटरनेटवर चित्रांचे अर्थ सांगणारे तक्ते तूही पाहिले असशील. तसा तक्ता घेऊन बसलेल्याने गरोदरपण म्हटलं असतं, पोकळी म्हटलं असतं. मी सोलापूरची, मला दिसलं की ते सूप आहे. तेंदूची पानं आणि तंबाखू घेऊन बाया मांडीवर धरतात ते. मी चित्र घेऊन माझ्या सुपरव्हायझरकडे पुण्याला गेले. त्या पुण्याच्या, त्यांना विडीचं सूप माहीत नव्हतं. मी समजावून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “हे तिने सांगितलं, की तू?”

पुढच्या वेळी मुलीला विचारलं. सूपच होतं. पण तिला सांगायचं होतं ते वेगळंच होतं: धाकट्याला आई सूप बाजूला ठेवून मांडीवर घेते, मला घेत नाही. हे मला माझ्या सोलापूरच्या ओळखीतून कधीच कळलं नसतं. उलट त्या ओळखीमुळेच मी थांबले असते. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांची माणसं तुझ्यासमोर बसणार. भाषा अडली की चित्र स्वतःच बोलतंय असं वाटू लागतं, आणि त्याच्या वतीने आपण बोलायला लागतो. तिथे तुझा हात धरणारं माणूस हवं. पुस्तक हात धरत नाही.

साधनांचंही तसंच. तू लिहिलंस, मी सगळ्यांना जलरंग देईन, मोकळं वाटेल. मोकळं वाटणं प्रत्येकाला झेपतं? ओला रंग आणि ओली माती माणसाचा ताबा सैल करतात. पेन्सिल, खडू, कात्रणांचं कोलाज ताबा हातात ठेवू देतात. कॅगिन आणि लुसेब्रिंक यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या चौकटीत साधनांचा हा फरक नीट उलगडला आहे, ती वाचच. ज्याच्यावर नुकता आघात झालाय त्याला पहिल्याच दिवशी ओला रंग दिलास तर तो वाहवत जाईल आणि तुला आवरता येणार नाही. ‘मला चित्र येत नाही’ म्हणणाऱ्या बाईला मी ठिपक्यांची रांगोळी मांडायला सांगते. ठिपके तिला धरून ठेवतात, रेघ तिची असते. पण कधी काय द्यायचं, हे मी तक्त्यावरून शिकले नाही. बैठकीनंतर नोंदी घेऊन दुसऱ्यासमोर बसले, तेव्हा शिकले.

आणि एखाद्या मुलाच्या चित्रातून, मग त्याच्या बोलण्यातून कळलं की घरातलाच कुणी त्याच्यावर लैंगिक अत्याचार करतोय, तर? २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तू त्या मुलाला आधीच देऊन बसली असशील तर काय करशील? असं सरसकट वचन कधीच द्यायचं नसतं, हे सुपरव्हिजनमध्ये पहिल्या आठवड्यात सांगतात. सहा महिन्यांच्या कोर्सच्या माहितीपत्रकात मला ते कुठे दिसलं नाही.

तुला वाटेल, मावशी हट्टी आहे. आहे. मी हे शिकले तेव्हा सोलापुरात माझं काम बघणारं कुणी नव्हतं. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे, तासभर सुपरव्हिजन, संध्याकाळच्या हुतात्माने परत. शाळेतल्या पगारातून तिकीट आणि फी. चाळिशी उलटल्यावर हे सगळं करावं लागलं याची खंत अजून जात नाही. तुझ्या वयात मिळालं असतं तर किती वर्षं जास्त मिळाली असती. त्या काळात एका संस्थेने बोलावलं होतं. एका दिवसात शंभरेक मुलांकडून चित्रं काढून घ्या आणि प्रत्येकाच्या मनाचा अहवाल पालकांना द्या. पैसे चांगले होते. मी नाही म्हटलं, आणि पुढे त्यांनी मला कशालाच बोलावलं नाही. ओळखीतले लोक म्हणाले, अगं, काहीच नसण्यापेक्षा थोडं तरी बरं. या वाक्यावर माझं कितीतरी जणांशी वाजलं आहे. मुलाच्या कपाळावर ‘आक्रमक’ किंवा ‘नैराश्यग्रस्त’ असा शिक्का मारणारा अहवाल काहीच नसण्यापेक्षा बरा नसतो. ते मूल तो शिक्का घेऊन त्याच घरात राहतं.

हेही खरं की मला न झेपणाऱ्या माणसांना मी पुण्याला पाठवत राहिले, आणि त्यातले बरेचसे गेले नाहीत. ज्याची रोजी बुडते तो पुण्याला कसा जाणार? ते मला टोचतं. तरी देखरेखीशिवाय त्यांना हात लावला असता तर जास्त टोचलं असतं, असंच मी धरून चालले आहे. म्हणूनच तू नीट शिकून इथे यावंस असं मला वाटतं. इथे माणसं आहेत, काम आहे, कमी आहे ती शिकलेल्या हातांची.

तर मग काय करायचं? माझं मत: आधी समुपदेशन मानसशास्त्रात रीतसर एम.ए., आणि प्रत्यक्ष काम असलेलंच. एम.ए. झालं म्हणजे तू क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालीस असं नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची वेगळी वाट आहे, तो घोळ डोक्यातून काढ. समुपदेशकांना २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने यादीत आणलं आहे, म्हणजे आज ना उद्या तुझी पदवी आणि तास कुणीतरी तपासणार. कलेचं प्रशिक्षण त्या पायावर घे. परदेशी जायचं असेल तर कर्जाचा आकडा तुझ्या बाबांसमोर बसून मांड, आणि तिथला परवाना इथे आपोआप चालत नाही हे धरून मांड.

प्रवेशाआधी प्रत्येक ठिकाणी लेखी विचार: प्रत्यक्ष कामाचे तास किती, ते कुठे, सुपरव्हायझर कोण, त्या व्यक्तीने स्वतः असं काम केलंय का, भेट एकटीची की गटात, दर आठवड्याला की मनाला येईल तेव्हा. ‘आमचे अनुभवी मार्गदर्शक आहेत’ असं उत्तर आलं तर ते उत्तर धरू नकोस. नाव विचार. नाव देत नसतील तर फी भरू नकोस. मी हे पुन्हा पुन्हा लिहितेय हे मला कळतंय. तू फीचा तक्ता चार रंगांत केलास आणि हा रकानाच ठेवला नाहीस, म्हणून लिहितेय.

शेवटचं. मेसेजच्या शेवटी तू विचारलंस, मावशी, तुम्हीच सुपरव्हिजन कराल का? नाही करणार. तुझी आई माझी मैत्रीण आहे, तुझ्या बारशाला मी होते. तू चुकलीस तर मी सांभाळून बोलेन, किंवा घरी तुझ्या आईच्या तोंडाकडे बघून गप्प बसेन. दोन्ही तुझ्यासमोर बसलेल्या माणसाला परवडणारं नाही. पुण्यातल्या ज्यांच्याकडे मी जात असे त्यांना विचारते. त्या आता ऑनलाइनही भेटतात. त्यांनी नकार दिला तर आणखी दोन नावं आहेत. आईला याचं वाईट वाटेल, तिने मला आधीच सुचवून ठेवलं होतं. तिच्याशी मी बोलते, तू मध्ये पडू नकोस.

तुझी
मावशी