क्रीडा प्रश्नोत्तरे : नव्या प्रशिक्षकांचा पहिला हंगाम कसा वाचावा?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचा फुटबॉल संघ अनेक वर्षे घडवणारे प्रशिक्षक गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि ऐन पावसाळ्यात नवे सर रुजू झाले. जुन्या सरांच्या अखेरच्या हंगामात संघ १० सामने खेळला, त्यांपैकी ७ जिंकला आणि ३ हरला. २१ गोल केले, ९ स्वीकारले. नव्या सरांच्या पहिल्या हंगामात ८ सामन्यांत ४ विजय आणि ४ पराभव झाले; गोल ९ केले, ७ स्वीकारले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून तर आम्ही उपांत्यपूर्व फेरीतच टायब्रेकरवर बाहेर पडलो. माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत प्रशिक्षक बदलण्याची मागणी झाली आहे. आकडे पाहता ती योग्य आहे का? दोन्ही हंगामांच्या नोंदवहीची झेरॉक्स सोबत पाठवत आहे.
— एक माजी खेळाडू, वेंगुर्ले

उत्तर : नोंदवही पाठवलीत, हे फार चांगले केलेत, कारण पत्रातले आकडे आणि वहीतले आकडे एकच असले तरी त्यांतून निघणारा अर्थ एक नाही. मागणी योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी वहीच्याच आधारे मांडतो.

पहिली गोष्ट टायब्रेकरची. तो सामना १-१ असा सुटला होता. पेनल्टी शूटआऊटने पुढच्या फेरीत कोण जाणार एवढेच ठरते. नोंदीच्या सर्वमान्य पद्धतीनुसार असा सामना बरोबरीत सुटला असे मानतात. म्हणजे पराभव चार नव्हेत, तीन. त्या तिनांपैकी दोन सराव सामन्यांतले आहेत आणि तेही गोव्यातल्या क्लबांविरुद्धचे. जुन्या सरांच्या वहीत गोव्याच्या संघाविरुद्ध एकही सामना दिसत नाही. पेडणे तालुका ओलांडला की फुटबॉल हा तिथल्या गावागावाचा खेळ आहे. तिथल्या क्लबातला अठरा वर्षांचा मुलगा लहानपणापासून स्पर्धात्मक सामने खेळत आलेला असतो, तर आपल्याकडे त्याच वयाच्या मुलाचे निम्मे वर्ष टेनिस बॉल क्रिकेटमध्ये गेलेले असते. आपल्याहून वरचढ संघ मुद्दाम शोधून त्याच्याशी खेळणाऱ्या प्रशिक्षकाच्या खात्यावर ते पराभव जसेच्या तसे मांडणे न्यायाचे नाही.

ते दोन सामने बाजूला काढले की नव्या सरांचे ६ सामने उरतात : ४ विजय, १ बरोबरी, १ पराभव. जुन्या सरांचे १० पैकी ७. विजयांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या जागी साधारण ६७ टक्के होते आणि इतक्या थोड्या सामन्यांत हा फरक फरकच नव्हे. गोलांचे चित्र मात्र खरोखर बदलले आहे. गोव्याच्या क्लबांविरुद्ध आपला संघ ०-३ आणि ०-१ असा हरला, म्हणून उरलेल्या सहा सामन्यांत ९ गोल केले आणि केवळ ३ स्वीकारले. पूर्वी सामन्यामागे २.१ गोल होत, आता १.५ होतात, पूर्वी ०.९ स्वीकारले जात, आता ०.५. आक्रमण मंदावले आणि बचाव घट्ट झाला, असे वही सांगते. संघ बिघडला, असे ती सांगत नाही.

आक्रमण का मंदावले, तेही वहीतच आहे. जुन्या सरांच्या त्या हंगामातल्या २१ गोलांपैकी १२ एकाच आघाडीपटूचे आहेत आणि तो पदवी घेऊन बाहेर पडला. त्याला वगळले तर बाकीच्यांचे १० सामन्यांत ९ गोल होते. यंदा त्याच्याविना संघाने ६ सामन्यांत ९ केले. एवढ्यावरून नव्या सरांनी आक्रमण सुधारले, असा उलट दावा मात्र कोणी करू नये. असा खेळाडू मैदानात असला की प्रत्येक चेंडू त्याच्याकडेच जातो आणि इतरांना गोल करण्याची संधीच कमी मिळते. महाविद्यालयीन संघाचे हे मूळ दुखणे आहे. क्लब आपला खेळाडू दहा वर्षे ठेवू शकतो. महाविद्यालयाचा संघ दर वर्षी शेवटच्या वर्षाची मुले गमावतो आणि प्रवेश घेतलेल्या मुलांतून तो पुन्हा उभा करावा लागतो. त्यामुळे दोन प्रशिक्षकांची तुलना म्हणून आपण जे मांडतो, ती पुष्कळदा दोन तुकड्यांची तुलना असते.

वहीतल्या एका पानापाशी मी बराच वेळ थांबलो. गोव्यातल्या ०-३ च्या सामन्यात तिन्ही गोल ७० व्या मिनिटानंतर झाले आहेत आणि समासात कोणीतरी लिहिले आहे, ‘दोघांना क्रॅम्प, बदली नाही.’ म्हणजे वरचढ संघाला आपल्या मुलांनी ७० मिनिटे रोखून धरले आणि मग पाय संपले. दम कमी पडला आणि राखीव खेळाडू अपुरे होते, हे दोन दोष खरे आहेत आणि त्यांबद्दल नव्या सरांना विचारणा व्हायलाच हवी. पण ऐन पावसात रुजू झालेल्या माणसाला, मैदानात पाणी साचलेले असताना, दम वाढवण्यासाठी किती आठवडे मिळाले, हेही त्याच बैठकीत मोजले पाहिजे. तांबड्या मातीच्या आपल्या मैदानांवर जुलैत सराव कसा होतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. जुन्या सरांना मैदान कधी वापसते आणि कोणता कोपरा आधी सुकतो हे अनेक पावसाळ्यांच्या अनुभवाने माहीत होते; ते ज्ञान त्यांच्याबरोबर गेले.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत झाला आहे. तिथे ‘कॉलेज फुटबॉल’ म्हणजे लंबगोल चेंडूचा वेगळा खेळ, परंतु खेळाडू दर वर्षी बदलण्याची अडचण आपल्यासारखीच आहे. एडलर, बेरी आणि डोहर्टी या अभ्यासकांनी १९९७ ते २०१० या काळातले निकाल तपासले. ज्यांनी प्रशिक्षक बदलला आणि ज्यांनी तशाच परिस्थितीत बदलला नाही, अशा सारख्या संघांची त्यांनी जोडीने तुलना केली. अगदी तळाच्या संघांना बदलाचा फारसा उपयोग झाला नाही आणि मध्यम दर्जाच्या संघांची कामगिरी तर बदल न करणाऱ्या तशाच संघांपेक्षा पुढची काही वर्षे खालावली, असे त्यांना आढळले. तळाचा संघ पुढच्या वर्षी थोडा वर येतोच, प्रशिक्षक तोच राहिला तरी. आणि ते श्रेय नव्या माणसाला मिळून जाते. याच खेळात निक सेबन २००७ साली अलाबामा विद्यापीठात आले, तेव्हा आदल्या वर्षीचे ६ विजय आणि ७ पराभव त्यांनी पहिल्या हंगामात मैदानावर ७ विजय आणि ६ पराभव एवढेच सुधारले होते. २००९ मध्ये त्याच विद्यापीठाने १४ पैकी १४ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पहिल्या वर्षाच्या पत्रकावरून निर्णय झाला असता, तर तिसरे वर्ष आलेच नसते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये ॲलेक्स फर्ग्युसन २०१३ साली मँचेस्टर युनायटेडला ८९ गुणांसह विजेतेपद मिळवून देऊन निवृत्त झाले आणि डेव्हिड मॉईस यांना पुढच्याच हंगामात ३४ लीग सामन्यांनंतर जावे लागले. संघ सातवा आला. मॉईस यांना तो संघ पेलला नाही, हे खरे. पण त्यांच्या हाती आलेल्या संघातले अनेक आधारस्तंभ तिशी उलटलेले होते, हेही तितकेच खरे. आणि खुद्द फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरात तिथे आले, तेव्हा पहिला चषक मिळायला १९९० चा मे महिना उजाडावा लागला होता.

आपल्या देशातले उदाहरण मला याहून बोलके वाटते. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. १९६३ च्या जूनमध्ये ते गेले. १९६४ च्या आशियाई चषकात भारत उपविजेता ठरला, तेव्हा प्रशिक्षक होते हॅरी राइट आणि कर्णधार होते १९६२ च्या सुवर्णपदक विजेत्या संघाचेच कर्णधार चुनी गोस्वामी. ते यश कोणाच्या वहीत मांडायचे? मी ते दोघांच्याही वहीत मांडीन आणि रहीमसाहेबांचा वाटा मोठा ठेवीन.

आपल्या संघाचा बचाव यंदा घट्ट झाला त्यातही जुन्या सरांचा हात असणारच, कारण तुम्ही पाठवलेल्या संघाच्या यादीनुसार बचावफळीतले चौघेही त्यांनी निवडलेले आहेत. बैठकीत जुन्या सरांचे नाव नव्या सरांविरुद्ध वापरले गेले असेल, तर ते त्या ज्येष्ठ शिक्षकांवरही अन्याय करणारे आहे. त्यांना बैठकीला बोलवा आणि पावसाळ्यातल्या सरावाबद्दल नव्या सरांशी बोलायला सांगा. निर्णयाचे म्हणाल, तर आज पहिल्या वर्षाला असलेली मुले शेवटच्या वर्षाला पोहोचेपर्यंत नव्या सरांना वेळ द्यावा, असे माझे सांगणे आहे.

प्रश्न : पुढे अशी तुलना करावी लागली तर ती नीट व्हावी, यासाठी जिमखान्याने कोणत्या नोंदी ठेवाव्यात?
— शारीरिक शिक्षण विभाग, रत्नागिरी परिसरातील एक महाविद्यालय

उत्तर : निकाल आणि गोल सगळेच लिहितात. त्यांच्या जोडीला प्रत्येक सामन्यात दोन्ही संघांनी गोलच्या दिशेने किती फटके मारले आणि त्यांपैकी किती पेनल्टी क्षेत्राच्या आतून मारले, एवढे जरी राखीव बाकावरच्या एका विद्यार्थ्याने मोजले, तरी पुष्कळ कळते. गोल हे थोडे असतात आणि नशिबाने हलतात. गोलच्या संधी जास्त असतात, म्हणून त्यांवरून संघाचा खेळ लवकर उमगतो. गोल कोणत्या मिनिटाला झाला, तो कॉर्नर किंवा फ्री किकवरून झाला की चालत्या खेळात, हेही लिहावे. प्रतिस्पर्धी कोण होता, मैदान ओले होते की सुके, आणि आपल्या अकरा जणांत किती जण पहिल्या वर्षाचे होते, या तीन रकाने तर अत्यावश्यकच समजा. दोन प्रशिक्षकांची तुलना बहुधा याच रकान्यांअभावी फसते. सरावाची हजेरी वेगळ्या वहीत ठेवा. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका वाईट दुपारी हंगाम संपतो, म्हणून जिल्ह्यातल्या चार-पाच महाविद्यालयांनी आपापसांत साखळी सामने सुरू केले, तर खेळाडूंना सामने मिळतील आणि तुमच्या नोंदींनाही वजन येईल.

प्रश्न : जुने सर आम्हाला रोज किनाऱ्यावरच्या वाळूत पळवत. नव्या सरांनी ते बंद करून आखूड पासचा सराव सुरू केला आहे. आमचा खेळ उलट बिघडल्यासारखा वाटतो. आम्ही काय करावे?
— द्वितीय वर्षाचा खेळाडू, मालवण

उत्तर : दोन्ही सर आपापल्या जागी बरोबर आहेत. मऊ वाळूत धावताना कठीण जमिनीवरच्या धावण्याच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, असे प्रयोगांतून दिसले आहे. म्हणजे जुन्या सरांनी दिलेली मेहनत वाया गेलेली नाही. पण वाळूत चेंडू घरंगळत नाही आणि सामना वाळूत होत नाही. आखूड पास खेळताना चेंडू येण्याआधीच मान वळवून आपला जोडीदार कुठे आहे हे पाहावे लागते. ती सवय अंगी मुरेपर्यंत खेळ अडखळतो आणि चुका वाढतात. हा काळ प्रत्येक संघाला सोसावा लागतो. संध्याकाळचा सराव नव्या सरांच्या पद्धतीने मनापासून करा. आठवड्यातून एक-दोन सकाळी ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर धावण्याची परवानगी त्यांच्याकडे कर्णधारामार्फत मागा आणि आदल्या दिवशी सामना झाला असेल तर ती सकाळ सोडा.