टेन्शनर कुठल्या दिशेने ढकलायचा?

प्रश्न : सर्पेंटाइन बेल्ट (अल्टरनेटर, एसी वगैरे फिरवणारा इंजिनाचा लांब पट्टा) बदलायला घेतला. टेन्शनर म्हणजे हा बेल्ट ताणून धरणारा भाग. त्याच्या पुलीवरच्या बोल्टला पाना लावून जोर दिला, तर पुली धरणारा आर्म हलायच्या ऐवजी बोल्टच सुटायला लागला. दिशा कशी ओळखायची?

उत्तर : बोल्ट आधी परत घट्ट करा. सगळ्या गाड्यांना लागू पडेल अशी एक दिशा नाही, म्हणून टॉर्च लावून बघा. आतली स्प्रिंग टेन्शनरची पुली बेल्टवर दाबून धरते. तुम्हाला ती बेल्टपासून लांब न्यायची आहे. मग जोर कुठे लावायचा ते शोधा. बऱ्याच आर्मवर ३/८ किंवा १/२ इंची चौकोनी भोक असतं, त्यात रॅचेटचा चौकोन थेट बसतो. तसं काहीच नसेल तरच पुलीच्या मधल्या बोल्टवर पाना लावायचा. अशा वेळी बोल्ट उलट्या आट्यांचा (डावीकडे फिरवल्यावर घट्ट होणारा) आहे का, हे आधी तपासा.

जागा अरुंद असते, त्यामुळे लांब दांड्याचा चपटा पाना बरा. इम्पॅक्ट गन अजिबात नको.

इंजिन गार असू द्या, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि बेल्टच्या वाटेचा फोटो घ्या, बॉनेटखाली आकृती चिकटवलेली असली तरी. आर्म हळू ढकला, हाताला येणाऱ्या पुलीवरून बेल्ट उतरवा आणि आर्म तितकाच हळू मागे येऊ द्या. तो फटकन सोडला तर बोटं चेंगरतात, आतला धक्के शोषणारा डॅम्परही खराब होऊ शकतो. काही टेन्शनरना पिनेसाठी भोक असतं. त्यात अ‍ॅलन की घालून आर्म अडकवून ठेवता येतो.

बेल्ट निघाला की प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर लागली किंवा पुली डुगडुगली तर बेअरिंग गेलंय. टेन्शनरची किंवा आयडलरची (बेल्टला नुसती वाट देणारी) पुली अशी असेल तर आत्ताच बदला. जुन्या बेल्टला चिरा नाहीत म्हणून तो चांगला, असं धरू नका. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा चिरत नाहीत, त्यांच्या खाचा झिजून रुंद होतात.

नवा बेल्ट क्रमांकावरून घ्या : ६पीके१७५० म्हणजे सहा धारा आणि १७५० मिलिमीटर लांबी. धारांची बाजू खाचांच्या पुलीवर, सपाट पाठ गुळगुळीत पुलीवर. शेवटच्या पुलीवर बेल्ट पुरत नसेल तर बहुतेक वेळा वाट चुकलेली असते. ओढाताण करण्याआधी फोटो बघा. आणि प्रत्येक पुलीवर बोट फिरवून पाहा, कारण बेल्ट एक खाच सरकून बसला तर चालू होताच त्याच्या कडेचे धागे निघू लागतात. पान्याने क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) नेहमीच्या दिशेने दोन फेऱ्या फिरवून पुन्हा तपासा, मगच इंजिन सुरू करा.

गाडीत टेन्शनर किंवा ताण कमी-जास्त करायची दुसरी सोयच नसेल तर तो बहुधा ताणून चढवायचा बेल्ट आहे. तो स्क्रूड्रायव्हरने ढकलून चढवू नका, त्याचं वेगळं अवजार मिळतं.

प्रश्न : नवा बेल्ट घातला तरी चिवचिव येते. बेल्टच खराब निघाला का?

उत्तर : क्वचितच. इंजिन चालू असताना, हात लांब ठेवून, धारांच्या बाजूवर थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर एखादी पुली रेषेत नाही. वाढला तर बेल्ट घसरतोय : टेन्शनर सैल, लांबी जास्त किंवा पुलीवर तेल. बेल्टवर मारायचे स्प्रे आवाज दाबतात आणि वर धूळ धरतात. पुली पुसा, टेन्शनर बघा.