हाताने उडवायला कुठलं विमान घ्यावं? ए-३२० सोडून बोला

तुम्ही विचारलंय की संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, पीळ देऊन रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरचा पट्टा) फिरणाऱ्या साध्या जॉयस्टिकवर, ऑटोपायलट न लावता, कुठलं विमान उडवायला मजा येईल. शिवाय लिहिलंय की लातूरचे मित्र म्हणतात, ‘ए-३२०च घे, बाकी सगळी खेळणी.’ हे वाक्य सिम्युलेटरवाल्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

ए-३२० या एअरबसच्या विमानात दांडा सोडला की संगणकच नाक सांभाळतो, ट्रिमही (दांडा धरून न ठेवता नाक जागेवर राहावं म्हणून शेपटीला द्यायची बारीक सेटिंग) तोच लावतो. ३३ अंशांपर्यंत कलवून हात काढा, विमान तसंच कललेलं राहतं. वेग बदलला तरी हाताला पत्ता लागत नाही. प्रवासी विमान म्हणून उत्तम, पण हाताला शिकवण्यासारखं त्यात फार थोडं आहे.

सेस्ना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान घ्या. एक्स-प्लेन या सिम्युलेटरसोबत मिळतं, फुकटच्या फ्लाइटगिअरमध्येही आहे. आधी सेटिंगमधली आपोआप रडर देणारी मदत बंद करा, नाहीतर पुढचं सगळं वाया. साडेचार हजार फुटांवर सरळ उडत ९५ नॉट वेगाला ट्रिम करा. ट्रिमने नाक हलवायचं नसतं. दांड्याने नाक जागेवर धरा, पॉवर ठरवा, वेग स्थिरावू द्या, मग हातावरचा दाब जाईपर्यंत ट्रिम फिरवा. खऱ्या विमानात ट्रिमबरोबर दांड्याची सैल जागा बदलते. आपल्या जॉयस्टिकची स्प्रिंग मात्र कायम मध्याकडेच ओढते, म्हणून ट्रिम देत देत हात हळूहळू सोडावा लागतो. एकदम सोडला की नाक उसळतं, मग माणूस उलटा धक्का देतो आणि वर-खाली सुरू होतं.

ट्रिम बसला की परीक्षा घ्या. नाक ओढून वेग ८५ वर आणा आणि दांडा मध्यावर जाऊ द्या. संथ हेलकावे घेत विमान ९५ च्या आसपास परत आलं पाहिजे. रडर न देता झटकन उजवीकडे कलवा, नाक क्षणभर डावीकडे गेलं पाहिजे. ६० नॉटला पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची पॉवर) दिलं की नाक डावीकडे ओढलं जाऊन उजवा रडर द्यावा लागला पाहिजे. ज्या विमानात हे होत नाही ते कितीही देखणं असो, घेऊ नका.

मग मे महिन्याचं हवामान लावून छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून उडा. धावपट्टी १,९११ फुटांवर, पण ४० अंशांत हवा इतकी विरळ की विमानाच्या लेखी ती ५,३०० फुटांच्याही वर असते. मिक्श्चर (इंजिनात जाणाऱ्या इंधन-हवेचं प्रमाण) थोडं मागे घ्या, म्हणजे इंधन कमी जाईल. धाव लांबेल, चढणं मंद होईल. घाई करून नाक वर ओढलंत तर वेग पडेल. ७३-७४ नॉट धरून ठेवा.

रडर अंगवळणी पडला की पायपर जे-३ कब. ६५ अश्वशक्ती, फ्लॅप (उतरताना पंखांमागून खाली येणारे पट्टे) नाहीत, चाक शेपटीला. एकट्याने मागच्या सीटवरून उडवायचं, म्हणून जमिनीवर नाकापुढची धावपट्टी दिसत नाही. उतरताना उंची जास्त वाटली तर एका बाजूला कलवून उलटा रडर द्या, विमान तिरकं घसरत खाली येतं. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने टेकल्यावर शेपूट पुढे यायला बघते, तेव्हा थांबेपर्यंत रडर सोडायचा नाही. पैठणला नाथसागर गाठून गोदावरीच्या काठाकाठाने गंगाखेडवरून नांदेडला जा, नकाशा लागत नाही.

एअरलाइनच्या कार्यपद्धतीच शिकायच्या असतील तर ए-३२० घ्यायला माझी हरकत नाही. पण मोठं विमान हातानेच उडवायचं असेल तर ७३७ बरं: त्याला ट्रिम तुम्ही देता आणि पॉवर वाढवली की ते नाक वर उचलतं.

आणि संगणक सेकंदाला ३० फ्रेमही देत नसेल तर आधी ढग आणि सावल्या कमी करा. चित्र मागे पडलं की हात जास्तीचा धक्का देतो, आणि दोष उगाच विमानाला जातो.