डायनोलँड पाडायला इतकी वर्षं का लागतायत?

प्रश्न: माझी लेक टॅम्पाला असते, मे महिन्यात आम्ही दोघं जाणार आहोत. नातू सहा वर्षांचा, डायनासोरचं भयंकर वेड. ऑर्लँडोला डिस्नेच्या अॅनिमल किंगडममधलं डायनोलँड पाडणार असं २०२४ पासून ऐकतेय आणि अजून पाडतायतच! आमच्या गल्लीतला जुना वाडा आठ दिवसांत भुईसपाट झाला. यांना एवढा वेळ कशाला हवा? आणि तिकीट काढावं का? (एक आजी, नाशिक)

उत्तर: आजी, फक्त डायनासोरसाठी जाणार असाल तर अॅनिमल किंगडमचं तिकीट काढू नका. तिथली मुख्य राइड, तिचं नावच 'डायनासोर', २ फेब्रुवारी २०२६ पासून कायमची बंद झालीये आणि शेजारचं रेस्टॉरंटपण तेव्हाच गेलं. सफारी, एव्हरेस्टवाली रोलरकोस्टर, निमोचा म्युझिकल शो यासाठी जायचं असेल तर जरूर जा, दिवस छान जातो, पण नातवाला आधी सांगून ठेवा नाहीतर गेटपाशी भोकाड पसरेल.

आता वेळ का लागतोय ते. तुमच्या गल्लीतला वाडा रिकामा होता हो, इथं पार्क रोज चालू आहे आणि लोक पूर्ण पैसे भरून आत येतायत. अॅनिमल किंगडम ५०० एकरांच्या वर पसरलंय पण बरीचशी जागा प्राण्यांना गेलेली, राइड्स मोजक्याच, त्यामुळे एक बंद केली की तिथली सगळी गर्दी बाकीच्यांच्या रांगेत जाऊन उभी राहते. म्हणून हे थोडं थोडं पाडतात. गरगर फिरणारी प्रायमीव्हल व्हर्ल २०२० मध्येच गेली, मग जानेवारी २०२५ मध्ये ट्रायसेराटॉप स्पिन हा पाळणा आणि आजूबाजूचे जत्रेतले खेळ, त्याच वर्षीचा उन्हाळा संपता संपता मुलांचं खेळायचं बोनयार्ड, आणि मोठी राइड अगदी शेवटपर्यंत चालू ठेवली. म्हणजे एकीकडे पत्र्यांच्या आड बुलडोझर आणि दुसरीकडे रांगा, असं वर्षभर चाललं. सगळं एकदम बंद केलं असतं तर काम लवकर झालं असतं, पण गल्ला कोण सोडतो!

खरं सांगू का, मला त्या जागेबद्दल थोडं वाईटच वाटतं. एप्रिल १९९८ मध्ये पार्क उघडलं तेव्हापासूनचा हा भाग, आणि त्यातला डायनो-रामा नावाचा जत्रेसारखा कोपरा २००१-०२ मध्ये आला. त्याची गोष्ट अशी की चेस्टर आणि हेस्टर नावाची दोन म्हातारी माणसं, त्यांचा हायवेवर पेट्रोल पंप, गावात हाडं सापडली म्हणून त्यांनी पंपाचं डायनासोरच्या खेळण्यांचं दुकान केलं आणि समोरच्या पार्किंगमध्ये जत्रा मांडली. त्यामुळे तिथं खाली डांबर, त्यावर गाड्या लावायचे पांढरे पट्टे, भेगासुद्धा मुद्दाम पाडलेल्या. अमेरिकेतल्या हायवेच्या कडेच्या भडक दुकानांची टिंगल होती ती. पण डिस्नेचं महागडं तिकीट काढून आलेल्या माणसाला त्यात टिंगल कशी दिसणार, त्याला दिसलं फक्त डांबर आणि स्वस्तातले पाळणे. माझ्या मते तो भाग मरायचं कारण हेच, जुना झाला वगैरे नंतरची गोष्ट.

आणि नातवासाठी उपाय आहे. त्याच शहरात युनिव्हर्सलचं आयलंड्स ऑफ अॅडव्हेंचर नावाचं पार्क आहे, त्यात ज्युरासिक पार्कचा मोठा भाग आहे. तिथल्या व्हेलॉसीकोस्टर या रोलरकोस्टरला उंची सव्वाचार फूट लागते, ती त्याला जमणार नाही, पण कॅम्प ज्युरासिकमधल्या गुहा आणि जाळ्यांमध्ये तो दोन तास रमेल, तुम्ही बाकावर बसा.

प्रश्न: डायनोलँडच्या जागी नवीन काय येणार? सिनेमातल्या त्या इंडियाना जोन्सची राइड म्हणे अगदी शून्यापासून बांधतायत? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नाही, शून्यापासून नाही. ट्रॉपिकल अमेरिकाज नावाचा सुमारे ११ एकरांचा नवा भाग आहे, मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या थीमचा, उघडायचं साल २०२७ सांगितलंय. त्यात 'एन्कांटो' या डिस्नेच्या कार्टून सिनेमाची राइड, प्राण्यांचं कोरीव कॅरोसेल आणि इंडियाना जोन्स. गंमत अशी की कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये १९९५ पासून जी इंडियाना जोन्सची राइड आहे तिचाच ट्रॅकचा नकाशा आणि तशाच हिसके देणाऱ्या गाड्या घेऊन १९९८ मध्ये ही डायनासोरवाली बनवली होती. म्हणजे इंडियानाच्या सांगाड्यावर डायनासोर चढवला होता, आता तो उतरवून परत इंडियानाच बसवणार. सांगाडा तयार आहे म्हटल्यावर तो कोण पाडेल? बाकी आतलं सगळं मात्र बदलावं लागणार, त्याला वेळ जाणारच.

प्रश्न: डायनासोर राइडच्या दारात टी-रेक्सचा जो मोठा सांगाडा होता तो खरा होता का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: नाही रे, साचा काढून केलेली प्रतिकृती. पण संबंध खरा आहे. 'सू' नावाचा हा टी-रेक्स १९९० मध्ये साउथ डकोटात सापडला आणि १९९७ च्या लिलावात शिकागोच्या फील्ड म्युझियमने तो ८३.६ लाख डॉलर्सना घेतला, त्या पैशात मॅकडॉनल्ड्स आणि डिस्नेचाही हात होता. बदल्यात डिस्नेला प्रतिकृती मिळाली, शिवाय 'सू'ची काही हाडं साफ करायचं काम डायनोलँडमध्येच काचेआड लोकांसमोर चालायचं. डायनोलँडला मॅकडॉनल्ड्सची स्पॉन्सरशिप होती, ती इतकी मुरलेली की राइडच्या आत लाल, पिवळे, पांढरे पाइप होते आणि त्यांवर केचप, मस्टर्ड, मेयोनीजचे केमिकल फॉर्म्युले लिहिलेले! खरी सू बघायची तर शिकागोलाच जावं लागेल, २००० पासून ती तिथं आहे.