पहिलं मत बनतं कसं, तिथेच ज्युरीचा निकाल शोधा

तुमचे प्रश्न तीन आहेत. आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या ज्युरीतली, कायदा न शिकलेली बारा अनोळखी माणसं एकमताला येतात कशी? एखादा ठाम माणूस बाकी अकरांना फिरवू शकतो का? आणि यात पूर्वग्रहाचा वाटा किती? मधल्यापासून सुरुवात करतो, कारण उरलेले दोन त्यातच गुंतलेले आहेत.

फिरवू शकतो, पण फार क्वचित. शिकागो विद्यापीठातल्या हॅरी कॅल्व्हन आणि हान्स झाइझेल यांनी अमेरिकी ज्युरींचा मोठा अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या मतदानात बहुमत जिकडे होतं, तिकडेच शेवटचा निकाल गेला, असं त्यांना दहापैकी साधारण नऊ खटल्यांत दिसलं. शेवटपर्यंत एकटाच अडून बसलेला ज्युरर आपल्याला दिसतो, तेव्हाही सुरुवातीला त्याच्या बाजूने आणखी काही जण असतात. ते एकेक करून गळतात, हा उरतो. मतं अगदी निम्मी-निम्मी असतील तर मात्र चर्चा बहुधा ‘निर्दोष’कडे झुकते. शंका उभी करणं सोपं असतं, ती पूर्ण खोडून काढणं अवघड.

म्हणजे खोलीत जोरदार वाद होऊन सत्य बाहेर पडतं, हे चित्र पडद्यावर छान दिसतं. प्रत्यक्षात बरंचसं काम खोलीचं दार लागण्याआधीच झालेलं असतं. मग पहिलं मत बनतं कसं?

यावर मला सगळ्यात पटलेलं उत्तर नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी या मानसशास्त्रज्ञांचं आहे. लोक पुराव्याची बेरीज-वजाबाकी करत नाहीत, ते गोष्ट रचतात. कोण होता, त्याला काय हवं होतं, आधी काय झालं, मग काय केलं. अशी एक सुसंगत गोष्ट मनात तयार झाली की तिच्याशी जुळणारा निकाल निवडतात. त्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खुनाच्या खटल्यातला तोच पुरावा वेगवेगळ्या क्रमाने ऐकवला. सरकार पक्षाचा पुरावा घटनाक्रमाने आणि बचावाचा साक्षीदारनिहाय, तुकड्यातुकड्यांनी ऐकवला तेव्हा ७८ टक्के लोकांनी आरोपीला दोषी ठरवलं. मांडणी उलटी केली तेव्हा ३१ टक्क्यांनी. पुराव्यातलं एकही विधान बदललं नव्हतं. पुराव्याचा कायदा शिकणाऱ्यांना मी हा प्रयोग सांगतो तेव्हा त्यांना आधी राग येतो, मग ते आपल्या साक्षीदारांची यादी नव्याने लावायला बसतात.

आता पूर्वग्रह. कुठल्याही खटल्यात पुराव्याला भोकं असतातच आणि गोष्ट पुरी करायला ती बुजवावी लागतात. समजा आरोपीच्या खिशात चाकू सापडला. तो कशासाठी होता हे एकाही साक्षीदाराने सांगितलेलं नाही. ‘असली माणसं चाकू बाळगतातच’ हे उत्तर एका ज्युररला आपोआप सुचतं, दुसऱ्याला ‘कामावरून परतत असेल’ असं सुचतं. दोघांनाही आपण अंदाज केला असं वाटत नाही. पुराव्यातच ते होतं असं वाटतं. म्हणून ‘तुम्ही निष्पक्ष राहाल का?’ या प्रश्नाला निवडीच्या वेळी जवळजवळ प्रत्येक जण प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो आणि त्या ‘हो’चा उपयोग फारसा नसतो.

किती फरक पडतो? शम्ना अन्वर, पॅट्रिक बायर आणि रँडी ह्यालमार्सन या अर्थशास्त्रज्ञांनी फ्लोरिडातल्या दोन काउंट्यांमधले २००० ते २०१० या काळातले सातशेहून अधिक खटले तपासले. ज्यांतून ज्युरी निवडायची त्या उमेदवारांत एकही कृष्णवर्णीय नसेल, तर कृष्णवर्णीय आरोपी गोऱ्यांपेक्षा १६ टक्के-बिंदूंनी जास्त वेळा दोषी ठरत. उमेदवारांत एक जरी कृष्णवर्णीय असला तर ही तफावत जवळपास नाहीशी होत होती. मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल सॉमर्स यांचा २००६ चा प्रयोग याच्या शेजारी ठेवून पाहा. मिश्र ज्युरींनी जास्त वेळ चर्चा केली, जास्त तथ्यं विचारात घेतली. हे केवळ कृष्णवर्णीय सदस्यांच्या बोलण्यामुळे घडलं नाही. अशा गटात बसलेले गोरे सदस्यही जास्त काळजीपूर्वक बोलले, तथ्यांच्या चुका त्यांच्याकडून कमी झाल्या.

म्हणूनच खरी लढाई निवडीच्या टप्प्यावर होते. कारण न देता उमेदवार वगळण्याचा वकिलांचा अधिकार अमेरिकेत अजून बहुतेक ठिकाणी आहे. केवळ वर्णावरून वगळायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या बॅट्सन निकालाने बंदी केली, पण वकिलाने दुसरं कुठलं तरी कारण पुढे केलं की बहुधा निभावतं. इंग्लंडने हा अधिकार १९८८ मध्ये रद्दच केला. तिथल्या ज्युरी-अभ्यासक चेरिल थॉमस यांच्या २०१० च्या अभ्यासात अल्पसंख्याक आरोपींविरुद्ध ज्युरी निकालात भेदभाव करतात असं आढळलं नाही. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहे असं मी म्हणणार नाही, पण ‘ज्युरी म्हणजे पूर्वग्रह’ हे समीकरण सगळीकडे लागू पडत नाही एवढं यावरून दिसतं.

एकमताचा नियमही इथेच येतो. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याने १८९८ च्या राज्यघटना परिषदेत एकमत नसतानाही चालणारे निकाल आणले. हेतू उघड होता: ज्युरीत एखाद-दुसरा कृष्णवर्णीय आलाच, तर त्याचं मत निरुपयोगी ठरावं. गंभीर गुन्ह्यांत एकमत सक्तीचं आहे असं अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या रॅमोस खटल्यात सांगितलं, ते थेट २०२० मध्ये. शेवटचा निकाल पहिल्या बहुमताकडेच जातो, तर एकमताची गरज काय, असं कुणी विचारेल. गरज आहे, कारण बारापैकी दहा मतं पुरत असली की उरलेल्या दोघांचं ऐकून घ्यायचं कारणच राहत नाही. एकटा माणूस निकाल क्वचितच फिरवतो, पण बाकीच्यांना पुरावा पुन्हा उघडायला लावू शकतो.

खोलीत उघड द्वेष बोलला गेला तर? चर्चा गुप्त असते आणि निकालानंतर तिच्यात डोकावायचं नाही, हा जुना नियम. कोलोरॅडोतल्या एका खटल्यात एका ज्युररने आरोपी मेक्सिकन आहे म्हणजे त्यानेच केलं असणार, अशा अर्थाचं बोलून दाखवलं होतं. दोन सहकाऱ्यांनी ते नंतर वकिलाला सांगितलं. वांशिक द्वेष इतका स्पष्ट असेल तर हा नियम बाजूला ठेवावा लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं. अपवाद अरुंद आहे. मनातल्या मनात चाकूचा अर्थ लावणारा ज्युरर त्यात कधीच सापडणार नाही.

‘ज्युरीने हे ऐकलंच नाही असं समजावं’ या न्यायाधीशाच्या सूचनेबद्दलही थोडं. कॅल्व्हन-झाइझेल यांच्या शिकागोच्याच प्रकल्पातल्या एका जुन्या प्रयोगात नुकसानभरपाईचा दावा होता. प्रतिवादीचा विमा नाही असं कळल्यावर सरासरी ३३,००० डॉलर दिले गेले, विमा आहे असं कळल्यावर ३७,०००, आणि विम्याची माहिती देऊन ‘ती विसरा’ असं सांगितल्यावर ४६,०००. थॉमस यांच्या अभ्यासात न्यायाधीशाच्या तोंडी सूचना कायद्याच्या भाषेत पूर्णपणे समजलेले ज्युरर ३१ टक्केच होते. लेखी सारांश हातात दिल्यावर ते ४८ टक्के झाले. इतका स्वस्त उपाय सर्रास का वापरत नाहीत, हे मला कळलेलं नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की नानावटी खटल्याने (१९५९ मध्ये मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, तो खटला) भारतात ज्युरीची नालायकी सिद्ध केली आणि त्यामुळेच ती पद्धत बंद झाली. दोन्ही अर्धवट आहे. ज्युरी रद्द करावी ही शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे त्या गोळीबाराच्या आदल्या वर्षी, केली होती. प्रत्यक्षात ती गेली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेबरोबर. वृत्तपत्रांनी आरोपीच्या बाजूने वातावरण तापवलं हे खरंच, आणि आठ विरुद्ध एक असा निर्दोष निकाल सत्र न्यायाधीशांनाच मान्य नव्हता. पण प्रकरण उच्च न्यायालयात गेलं तेव्हा त्या न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा समजावून सांगताना केलेल्या चुकाही तिथे दाखवल्या गेल्या. त्यामुळे सगळं खापर त्या नऊ जणांच्या डोक्यावर फोडता येत नाही.